चार गावांची पोच

नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका कार्यालयात पुराच्या इशाऱ्याची संगणक यंत्रणा बसवली. साक्रीकडच्या डोंगरात एक धरण होतं. दारं उघडली की पाणी खालच्या चार गावांना दोन तासांत गाठायचं. म्हणून मी नियम केला: माझा फोन गेल्यापासून दोन तासांत चारही पोलीस पाटलांच्या सहीची पोच आली पाहिजे. लागलेला वेळ संगणकात भरला की यंत्र शेजारी आपोआप शेरा छापायचं. त्या शेऱ्याचं मला भारी कौतुक होतं.

निरोप पोचवायचे एक वयस्कर कोतवाल. सगळे त्यांना आबा म्हणत. धरणाखालच्या चौकीत फोन होता, पुढे सगळी पायवाट. पहिल्या सरावाला आबा खरोखर चालत गेले आणि शेवटच्या गावापर्यंत त्यांना तीन तास लागले. यंत्राने छापलं, 'असमाधानकारक'. मी ती वाट कधी पाहिलीही नव्हती, तरी त्यांना कारणे दाखवा नोटीस काढायला लावली. तरुण होतो, डोक्यात हवा होती.

दुसऱ्या सरावाला फोनवर पोच दीड तासात आली. नंतर कागद आले, तर चारही सह्या एकाच हिरव्या शाईच्या होत्या. ते मला खटकलं, पण साहेब खूश होते. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी दुपारी बारा वाजता धरणावरून निरोप आला, पाणी सोडावं लागेल. मी चौकीत फोन केला. शब्द सरावातलेच होते, कारण सराव आणि खरा इशारा वेगळा ओळखू येऊ नये ही माझीच अक्कल.

दीड वाजता आबांचा फोन आला. "भाऊसाहेब, चारी गावनी पोच लिखी ल्या."

मी लिहून घेतली. धरणावरच्या अभियंत्याने विचारलं, "सोडू?" मी म्हणालो, "सोडा."

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. आबाच होते. मागे पावसाचा आवाज. "भाऊसाहेब, आज बी सरावच शे ना?"

"नाही आबा. पाणी सुटलंय. तुम्ही गावात गेला होता ना?"

"नही. पाटील बठ्ठा बजारले येतस. सह्या तठेच लई ठेयेल शेतस." म्हणजे पाटील बाजाराला आले तेव्हाच सगळ्या सह्या घेऊन ठेवलेल्या होत्या. "मी जास," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मी धरणावर फोन लावला. दारं उघडून झाली होती आणि बंद केली असती तर धरणच धोक्यात आलं असतं. समोरच्या कागदावर चारही गावं सुरक्षित होती. त्या कागदाची मला भीती वाटू लागली.

चौथ्या दिवशी तालुक्यातून चार खऱ्या पोचा आल्या. माणसं वेळेत टेकडीवर चढली होती. शेवटच्या पाटलांनी स्वतःच्या हाताने वेळ लिहिली होती. तीन तासांची वाट आबांनी मधला नाला उतरून पावणेदोन तासांत कापली होती. परत येताना त्याच नाल्यात ते वाहून गेले.

मी ते पावणेदोन तास संगणकात भरले. यंत्राने शेजारी छापलं, 'समाधानकारक'.