लशीची तिसरी बाटली

पत्रक लिहायला मी सोळाव्या वर्षी शिकलो. बीडला आमच्या वस्तीतल्या विहारात एक निवृत्त मास्तर यायचे, त्यांनी शिकवलं. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत मागणी आणि शेवटी कुठं, किती वाजता जमायचं. "विशेषणं भाजीतल्या मिठाएवढी," असं मास्तर म्हणायचे. माझ्या हातून मीठ जरा जास्तच पडायचं.

पुढं मी आरोग्य हक्काच्या कामात पडलो. दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, ॲम्ब्युलन्सला डिझेल नाही, असं काही कळलं की मी पत्रक काढायचो. सरकारी माणूस म्हणजे खोटं बोलणारा माणूस, हे माझं ठरलेलं होतं. ते सिद्ध करायला फारसे कष्टही पडत नसत.

एकदा मांजरसुंब्याच्या पुढच्या एका वस्तीवरची बाई भेटली. कडेवर तीन महिन्यांचं लेकरू. लसीकरणाच्या बुधवारी ती उन्हातून आरोग्य केंद्रापर्यंत चालत गेली होती आणि तिथल्या नर्सनं तिला दारातूनच माघारी धाडलं होतं. तिलाच नव्हे, त्या दिवशी आलेल्या सगळ्या बायांना.

"फ्रीज बिघडला म्हनती," ती म्हणाली. "मला कशाला सांगती फ्रीजचं? मी काय तितं बरफ मागाया गेलते?"

झालं. मी माहितीच्या अधिकारात त्या भागातल्या पाच आरोग्य केंद्रांच्या फ्रीजच्या नोंदवह्या मागवल्या. प्रत्येक केंद्रात लशीचा एक फ्रीज असतो. त्यातलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहावं लागतं. जास्त झालं तर लस नासते, शून्याच्या खाली गेलं तर गोठून वाया जाते. म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आकडा बघून वहीत लिहायचा असतो.

चार केंद्रांच्या वह्या बघून डोळे निवले. वर्षभर चार. सकाळी चार, संध्याकाळी चार. अक्षर एकसारखं, शाई एकसारखी, खाडाखोड कुठंच नाही.

पाचवी वही त्या नर्सच्या केंद्राची. पाच, सात, तीन, नऊ. मध्येच 'पहाटेपासून लाईट नाही, लस बर्फाच्या पेटीत हलवली'. मध्येच 'दुरुस्तीसाठी तिसरं पत्र दिलं'. आणि त्या बुधवारच्या सकाळी 'उणे एक'. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लस गोठल्याचा संशय. बाजूला काढली. आजचं लसीकरण रद्द.'

मला इतका आनंद झाला की काय सांगू! चोर स्वतःच्या हातानं पंचनामा लिहून बसला होता. मी पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात, 'चार केंद्रं पास, एक नापास! लेकरांच्या जिवाशी खेळणाऱ्यांवर कारवाई करा!' आठवडी बाजारात वाटलं, तहसीलच्या भिंतीला चिकटवलं, आरोग्य खात्याच्या तालुक्यातल्या साहेबांच्या हातात दिलं.

आठ दिवसांत कारवाई झाली. नर्स अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होती. ते कंत्राट पुढं का वाढवू नये, याची नोटीस तिला गेली. गावात होणाऱ्या जनसुनावणीत तिनं खुलासा करायचा, नाहीतर महिनाअखेरीला घरी. आयुष्यात पहिल्यांदा खातं माझ्या मागणीवर हललं होतं. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

शंका आणली माझ्या शाळेतल्या दोस्तानं. बीडला त्याचं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मी फुशारकी मारायला गेलो आणि पाची वह्यांच्या झेरॉक्स त्याच्या बाकड्यावर पसरल्या. त्यानं हात पुसले, एकेक कागद उलटला आणि हसायलाच लागला.

"बे, हे चार फ्रीज कुठं भेटतात? मला बी एक पायजे."

"कावून?"

"कावून काय! मे म्हैन्यात चार. पावसाळ्यात चार. वादळात तारा तुटून दोन दिवस लाईट गेलती, तवा बी चार. हे फ्रीज हायेत का मुर्दे? जित्ती चीज वर-खाली होती, बे. दार उघडलं की चढती, लावलं की उतरती." मग त्यानं पाचव्या कागदावर बोट ठेवलं. "हा एकच जित्ता हाय. बीमार हाय, पर जित्ता हाय. ज्यानं हे लिहिलं ना, त्यानं रोज वाकून बघितलंय. बाकीच्यांनी खुर्चीत बसून लिहिलंय. आन् तू शहाण्या, कुनाला नापास केलंस?"

मी तिथल्याच एका उलट्या पडलेल्या कूलरवर बसलो आणि ती वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. पहिल्यांदा मी आकडे वाचले होते, आता माणूस वाचत होतो. दिवाळीच्या दिवशी नोंद. रविवारी नोंद. कधी निळी शाई, कधी काळी, एकदा पेन्सिल. एका संध्याकाळी तर 'नोंद सव्वा तास उशिरा, माझी बस चुकली'. कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कधी कळलंही नसतं. चार लिहून मोकळं होता आलं असतं. ही बाई रोज दोनदा स्वतःच्या विरुद्ध साक्ष लिहीत होती, वर्षभर, आणि खाली सही करत होती. इतकी पत्रकं लिहिली मी, पण इतकं धाडसाचं एक वाक्य माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मांजरसुंबा आणि तिथून जीपनं केंद्रावर गेलो. नर्स चाळिशीच्या आतबाहेरची, चष्मा कपाळावर सरकवलेला. डबा खात होती.

"पत्रक तुमीच लिहिलं का?" माझं नाव सांगायच्या आत तिनं विचारलं. "छापलं चांगलं हाय. कागद बी जाड हाय."

"सिस्टर, मी चुकलो."

"मी चुकले की रकान्यात लिहिते. तुमी कुठं लिहिनार?"

तिनं चपातीचा घास मोडला.

"उणे एक कशाला लिहिलंत पण?" मी विचारलं. "चार लिहिलं असतं तर आज ही नोटीस नसती."

"चार लिहिलं असतं तर ती लस टोचावी लागली असती," ती म्हणाली. एवढंच. जणू मी पाणी ओलं का असतं, असं काहीतरी विचारलं होतं.

सुनावणीत मी काय करू, असं विचारल्यावर तिनं डबा बंद केला. "एक टेबल द्या, हालत न्हाई असं. तुमाला गर्दी जमवता येती, मी बघितलंय. ती पंधरा मिनिटं गप बसवता येती का, ते बघा."

सुनावणी केंद्राच्याच आवारात, पत्र्याच्या शेडखाली. साहेब खुर्चीवर, गाव खाली सतरंजीवर. ती वस्तीवरची बाई लेकराला घेऊन पुढंच बसलेली. सुरुवात मी केली. माझं पत्रक हातात धरून सांगितलं, की हे चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

"आता तू बी त्यांचाच झाला का रं?" ती बाई गरजली. "काय खाल्लंस त्यांच्याकडं?" शेडमध्ये हशा झाला. कुणीतरी शिट्टी मारली. माझे कान तापले, पण हे मी कमावलेलंच होतं.

मग नर्स उठली. तिनं खिशातून तीन लहान बाटल्या काढल्या. अंगठ्याएवढ्या, आत पांढुरकं, पातळ ताकासारखं काहीतरी. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन असे आकडे घातलेले. तिन्ही एकाच खेपेच्या, असं तिनं आधी साहेबांना वाचून बघायला लावलं.

"ही पहिली, शेजारच्या केंद्रातून आनली. कधी गोठली न्हाई. ही दुसरी, मी मुद्दाम गोठवली आन् परत वितळवली. ही तिसरी त्या बुधवारची. मी मागं ठेवली ती. आता तिन्ही हलवते आन् ठेवते. तिसरी पहिलीसारखी वागली तर मी खोटी. दुसरीसारखी वागली तर मग तुमीच ठरवा."

तिन्ही बाटल्या एका मुठीत धरून तिनं दहा-पंधरा वेळा हलवल्या, टेबलावर ओळीनं ठेवल्या आणि दोन पावलं मागं सरकली.

मला कुणाला गप बसवायला लागलंच नाही. अशी शांतता मी कुठल्या सभेत ऐकली नव्हती. घोषणांनी दणाणलेली मैदानं बघितलीत, पण तीन बाटल्यांसाठी श्वास रोखून धरलेलं गाव पहिल्यांदाच बघत होतो. कुणाचा तरी मोबाईल वाजला, तर चार बाया एकदम त्याच्यावर खेकसल्या. मागची माणसं गुडघ्यावर उभी राहिली. साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग चष्मा काढून पुसला आणि शेवटी हनुवटी पार टेबलाला टेकवली.

पहिली पांढरीच राहिली. दुसरीत गाळ खाली बसू लागला, वर स्वच्छ पाण्याचा एक पट्टा आला. ताकावर निवळ यावी तसा. सगळ्यांचे डोळे तिसरीवर. ती पांढरी होती. पांढरीच वाटत होती. नर्स मात्र बाटलीकडं बघतच नव्हती, ती माणसांकडं बघत होती. मग तिसरीच्या गळ्यापाशी नखाएवढी निवळ दिसली. ती वाढली. रेघ खाली खाली सरकत गेली आणि दुसरीच्या रेघेशेजारी जाऊन थांबली.

"अगं बया," वस्तीवरची बाई पुटपुटली. ती उठून टेबलापाशी आली, लेकरू तसंच कडेवर. "मंजी त्या दिवशी हिला ही टोचली असती तर?"

"कार्डावर लिहिलं असतं, टोचली म्हनून. पोरगी बी रडली असती. पर कामाची न्हाई. तुमी बेफिकीर राहिल्या असत्या आन् रोगाला दार उघडं."

बाईनं लेकराच्या मांडीवरून हात फिरवला. मग एकदम उसळली, "मग तवाच सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगत होते की. तुमी माझ्या आईबापाचा उद्धार करत होत्या."

पुन्हा हशा. या वेळी बाईही हसली, तोंडाला पदर लावून.

साहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे. नोटिशीचं बघू आपण."

"बघू न्हाई, साहेब." नर्सनं वही उघडून त्यांच्यापुढं सरकवली. त्या बुधवारचं पान. "रकान्यात जागा मोकळी हाय."

सगळं गाव बघत होतं. साहेबांनी पेन काढलं. लस गोठली होती याची खात्री पटली, निर्णय योग्य, नोटीस मागं, असं लिहिलं आणि सही केली. तिनं वही उचलून वाचली. तारीख आहे का, तेही बघितलं.

"आणि बाकीच्या चार वह्या?" मी विचारलं. "वादळातसुद्धा चार असणाऱ्या?"

"त्याची स्वतंत्र चौकशी लावतो," साहेब म्हणाले. सभेत गलका सुरू झाला. एरवी त्या गलक्यावर मी घोषणा चढवली असती. पण तेवढ्यात नर्सनं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेचार वाजले होते. सभा तशीच टाकून ती आत निघाली. मी दारापर्यंत मागं गेलो. तिनं फ्रीजचं झाकण उचललं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाकली.

"सात," ती स्वतःशीच म्हणाली.

"आज पाच असतं तर शोभलं असतं," मी म्हणालो.

"शोभलं असतं," तिनं मान हलवली आणि सात लिहिलं.

महिनाअखेरीला तिच्या कंत्राटाचा आदेश आला. पुन्हा अकराच महिन्यांचा. फ्रीजचा बिघडलेला भाग त्याच्या आधीच बदलून झाला होता. तीन पत्रांनी जे झालं नव्हतं, ते तीन बाटल्यांनी केलं. तोवर मी नवं पत्रक छापलं होतं. मास्तरांच्या नियमानं पहिल्या ओळीत आरोप. आरोपी मीच.

चौकशीचं काय झालं, हे मी अजून विचारतोच आहे. पण मध्यंतरी त्या चार केंद्रांच्या वह्या पुन्हा मागवल्या. तीन वह्यांत अजून चारच. चौथीत एका सकाळी नऊ. मी त्या नऊकडं बघतच राहिलो. कुणीतरी झाकण उचलून, वाकून बघितलं होतं. ती झेरॉक्स आणि नवं पत्रक घेऊन मी नर्सकडं गेलो.

पत्रक तिनं उभ्याउभ्याच वाचलं. "तारीख न्हाई यावर," म्हणाली आणि स्वतःचं पेन पुढं केलं. मी तारीख घातली. तिनं घडी करून पत्रक वहीत ठेवलं.

मग मी ती झेरॉक्स दाखवली. मला वाटलं, तिला भरून येईल.

"नऊ?" तिनं चष्म्यातून बघितलं. "मग हितं कशाला घेऊन आलात? त्यांना फोन लावा आदी. झाकनाचं रबर गेलं असंल."

मी फोन लावला.