पहिला मान काकांचा

आटपाट पोलादपूर होतं. एसटी थांब्यापाशी एक हॉटेल होतं. मालक दाजीकाका, आचारी आमचे हे आणि कामाला पाच जण. सगळे घाटावरच्या कुडपण गावचे, एका भावकीतले! तिथले किस्से म्हणजे खरकट्या बशा. एक विसळावी तर दहा येऊन पडतात.

ह्यांना सुट्टी शिमग्याला आणि गौरीला, बस्स. एका शिमग्याला घाट चढून घरी आले, तर आमची चार वर्षांची सखू माझ्या कानात म्हणते, "आये, ह्यो पावना कधी जायाचा गो?"

ह्यांनी ऐकलं. जेवले नाहीत. त्याच आठवड्यात युनियन काढली.

महाडहून एक पुढारी आला. म्हणाला, "मालकाला कडक नोटीस द्या. आठवड्याला एक सुट्टी!" सहा डोकी रात्रभर खपली. सकाळी नोटीस तयार. सुरुवात काय? 'तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार!'

पुढाऱ्याने ती फाडली आणि संप पुकारला. सगळे बाहेर ओट्यावर बसले. तेवढ्यात मुंबईची गाडी आली. एक म्हातारी उतरली, "चा मिळंल काय रे बाबांनो?"

हे उठले. "आजी, संप हाय. पन तुमी बसा." तिला दिला, मग शेजारच्याला, मग अख्ख्या गाडीला! गल्ल्यावर काका खुशीत. मी ऐकून कपाळ बडवलं. असल्यांची कसली युनियन!

शेवटी ठरलं, गावच्या देवीला कौल लावायचा. पुढारी ओरडला, "अहो, मग मालकाला कशाला बोलावता?"

हे म्हणाले, "भावकीत थोरले ते. गाऱ्हाण्याचा पयला मान काकांचा. त्यांच्याबिगर देवी ऐकंल कशी?"

काका आले. मान सोडवेना आणि देवीपुढे खोटं बोलवेना. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. काकांनी हात जोडले, "आई, ही पोरं आठवड्याला एक सुट्टी मागत्यात. द्यायची असंल तर उजवं दे, नसंल तर डावं."

उजवं पडलं!

काकांनी फूल उचलून गुरवाच्या हातात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "गुरवा, परत लाव."

परत उजवं!

तेव्हापासून सोमवारी हॉटेल बंद. तीन-चार सोमवार गेले. मी चुलीपाशी होते. सखू अंगणातून ओरडत आली, "आये, भाकऱ्या वाढव गो, बा आला!"