गल्लीचा भाव

घर बघायला गेलं की रंजिता निमजे आधी जमीन बघायची. बाकीचे लोक छताची ओल बघत, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारत. ही चप्पल काढून टाचेने फरशी दाबायची. ती कोशाच्या रेशमी साड्या विणायची आणि तिचा माग खड्ड्याचा होता. जमिनीत गुडघाभर खड्डा खणायचा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि विणायचं. असा खड्डा दुसऱ्या मजल्यावर खणता येत नाही. भंडाऱ्यात फ्लॅट निघत होते, हप्तेही झेपण्यासारखे होते, पण त्यातला एकही तिच्या कामाचा नव्हता.

विणकाम ती अंधळगावला वडिलांजवळ शिकली. लग्न होऊन भंडाऱ्याला आली तेव्हा नवरा हेमराज राईस मिलमध्ये मशीनवर होता, अजूनही तिथेच आहे. भाड्याच्या घराचा मालक भला माणूस. त्याने खोलीत खड्डा खणू दिला. त्याच्या मुलाने मात्र ती जागा कॉम्प्लेक्सला दिली आणि निरोप पाठवला, दिवाळीपर्यंत खाली करा.

मग शोध सुरू झाला. तळमजल्याचं घर सगळ्यांनाच हवं होतं. पुढची भिंत पाडून शटर बसवलं की दुकान तयार. खात रोडला एका घरी चहा पिऊन होईपर्यंत मालकाला फोन आला. तो आत जाऊन बोलून आला आणि म्हणाला, आता एक लाख जास्त पडेल. रस्त्यावर आल्यावर हेमराज म्हणाला, "चहा महाग पडला बाप्पा." रंजिताला हसू आलं नाही.

शेवटी कैलाश भेटला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता तो घरंही दाखवायचा. त्याने त्यांना आपल्याच गल्लीतलं भैय्याजींचं घर दाखवलं. भैय्याजी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले कंपाउंडर. बायको वारलेली, मुलगा नागपूरला, आता त्याच्याकडेच जायचं होतं. पुढची खोली लांब, उत्तरेला खिडकी, खाली घट्ट मुरूम. रंजिताने टाच दाबली आणि मनात माग मांडूनही टाकला. भैय्याजींनी एकवीस लाख सांगितले.

बँकेत विचारून परत आले तर तेवीस झाले होते.

"काहून वाढवले काकाजी?" रंजिताने विचारलं.

"मी कायले वाढवू? लोकं वाढवून राहिले," भैय्याजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, थोडं आश्चर्यच होतं. हे घर त्यांनी बांधलं तेव्हा पलीकडे धानाचे बांध होते.

भाव वाढवणारं हे दुसरं गिऱ्हाईक कैलाशने मनानेच उभं केलं असेल, असा हेमराजला संशय होता. म्हणून एका दुपारी रंजिता न सांगता एकटीच गेली. आत एक बाई संडासाच्या दाराची रुंदी वितीने मोजत होती. तिचं नाव करुणा. खानावळीला पोळ्या करून द्यायची. ती गेल्यावर भैय्याजी म्हणाले, "तिच्या नवऱ्याचा अ‍ॅक्सिडंट झाला. चाकाच्या खुर्चीवर हाये. वरच्या मजल्यावर राहतात, त्याले खाली उतरवाले दोन माणसं लागतात."

रंजिता घरी आली. हे तिने हेमराजला सांगितलं नाही.

आठवडाभरात कैलाशने दोन्ही गिऱ्हाइकांना एकाच वेळी बोलावलं. भैय्याजींच्या अंगणात चार खुर्च्या मांडल्या होत्या. करुणा एकटीच आली होती. आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग कैलाश म्हणाला, "आता काय ते बोलून टाका जी."

करुणा म्हणाली, "चोवीस."

हेमराजने रंजिताकडे बघितलं. घरून चोवीसच ठरवून आले होते. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "साडेपंचवीस."

करुणाने पदर खोचला, चप्पल घातली. "घ्या ताई," ती म्हणाली. "मले नाही जमत." फाटकापाशी ती थांबली आणि भैय्याजींना नमस्कार करून गेली.

हेमराजच्या वाट्याची करडी गावची जमीन विकली, बाकीचं बँकेने दिलं. दिवाळीच्या आधी ते राहायला आले. खड्डा खणला, माग लागला. उत्तरेच्या उजेडात कोशाचा पिवळा रंग जसा असतो तसाच दिसायचा. आपल्याला वाईट वाटेल असं रंजिताला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती विणत राहिली.

संक्रांतीच्या सुमारास करुणा मोठ्या बाजारात भेटली. रंजिता वळून दुसरीकडे जाणार होती, पण करुणाच पुढे आली.

"माग लागला का ताई?"

"लागला. तुमचं कुठं जमलं?"

"अड्याळले. माहेरच्या बाजूले खोली घेतली खालची. मी सकाळच्या बसनं येतो पोळ्या करायले." तिने भेंडी निवडता निवडताच सांगितलं. "तुमी नसते वाढवले तर दुसऱ्या कोणी वाढवले असते. तसं काही मनात नोका ठेवू."

त्या दिवशी रंजिताचं कामात लक्ष लागलं नाही. दोनदा धागा तुटला.

इकडे गल्लीत मात्र तिचा मान वाढला होता. साडेपंचवीसचा आकडा कैलाशने घरोघरी पोचवला. ज्यांची घरं होती ते खूश झाले. जे भाड्याने राहत होते त्यांचं भाडं वाढलं; त्यातल्या दोन बाया रंजिताशी बोलेनाशा झाल्या. उन्हाळ्यात कैलाशने स्वतःचं शेजारचं रिकामं घर विकायला काढलं. तो मुद्दाम येऊन सांगून गेला, "कोणी विचारलं तर तुमचं घर तीसले घेतलं म्हणा, ताई. आपल्या साऱ्यायचाच फायदा हाये."

रविवारी एक नवरा-बायको आले. नवरा शाळेत शिपाई, बायको पोटुशी. घर बघून निघाल्यावर मागाचा आवाज ऐकून ते रंजिताच्या दारात थांबले. बाईने लाजत विचारलं, "ताई, तुमी केवढ्याले घेतलं जी?"

रंजिताने हात थांबवला. "साडेपंचवीसले."

"पण ते तर तीस म्हणून राहिले."

"ते काय बी म्हणोत. भैय्याजीनं पहिले एकवीसच सांगितले होते. शेवटचे दीड लाख मीच वाढवले." आणि तिने त्यांना पाणी दिलं.

ते दोघं पाणी पिऊन परत कैलाशकडे गेले. बरीच घासाघीस झाली आणि सव्वीसवर सौदा ठरला. संध्याकाळी कैलाश रंजिताच्या दारात येऊन ओरडून गेला. शेजारधर्म म्हणून काही असतो, तुम्ही माझं नुकसान केलं, असं बरंच बोलला. रंजिता ऐकत राहिली.

हेमराज मिलमधून आला तोवर गल्लीभर झालं होतं. हातपाय धुऊन तो जेवायला बसला.

"कायले सांगितलं तू? आपल्याबी घराचा भाव पडला ना."

"आपल्याले कुठं विकायचं हाये?" रंजिता म्हणाली आणि त्याला भात वाढला.

हेमराजने थोडा विचार केला. मग वरण मागून घेतलं.