पायाकुंबूहची फेफऱ्याची डॉक्टरीण

स्यामसिनार जकार्ताहून मेंदूच्या आजारांचं शिक्षण घेऊन सुमात्रातल्या पायाकुंबूहला परतली ते १९७४ साली. आसपासच्या सगळ्या मुलखात या विषयातली ती एकटीच. हा विषय तिने फार हौसेने घेतला होता अशातला भाग नाही. बाळंतपणाच्या विभागासाठी रांग लागलेली आणि मेंदूचा विभाग कोणालाच नको होता. तिथला रोगी बरा होऊन घरी जातो, यावर खुद्द प्राध्यापकांचाही फारसा भरवसा नव्हता. "मला द्या," ती म्हणाली होती. "तिथे धक्काबुक्की तरी नाही."

इस्पितळाने तिला औषधांच्या कोठाराशेजारची खोली दिली. मेंदूच्या लहरी टिपायचं यंत्र तिने मागितलं, तेव्हा वरून "पाहू" असं उत्तर आलं. ते "पाहू" सोळा वर्षं टिकलं. पहिल्या महिन्यात डोकेदुखीचे नऊ रोगी आले, आणि दहावा आला तो खिडकीचा गज बसवायला.

हजारात पाच-सात जणांना तरी फेफरं येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ही माणसं गेली कुठे? गेली कुठेच नव्हती, घरात दडवलेली होती. पडलेल्याच्या तोंडचा फेस लागला की आजार आपल्याला चिकटतो, असं सगळेच मानत. त्यामुळे कोणी पडलं की माणसं चार पावलं मागे सरत. स्यामसिनारने विचार केला, चुलीपाशी जो पडतो आणि ज्याला कोणी उचलत नाही, तो भाजणारच. म्हणून ती उठली आणि भाजलेल्यांच्या वॉर्डात जाऊन बसली.

तिथे जस्मानियार होती. वय सव्वीस, आईच्या खानावळीत रांधणारी. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, आणि त्याखाली जुने दोन डाग.

"तिसऱ्यांदा?" स्यामसिनारने विचारलं.

"पाय घसरला," तिची आई म्हणाली.

"तिन्ही वेळा त्याच चुलीवर? मग चूल हलवा की, मावशी."

स्यामसिनारने पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सरळ फरशीवर आडवी झाली. हातपाय ताठ केले, मान वळवली. "अशी घसरते का?"

वॉर्डातल्या बायका खाटांवर उठून बसल्या. जस्मानियारच्या म्हाताऱ्या आईला राहवलं नाही.

"तशी नाही हो. आधी तोंड हलतं, पान चघळल्यासारखं. हाक मारली तर ओ देत नाही. मग मान डावीकडे. डावीकडे, म्हटलं ना. तुम्ही उजवीकडे वळवताय."

"आता बरोबर?"

"हां, आता बरोबर," म्हातारी म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसू लागली. आजार सुरू झाल्यापासून बारा वर्षांत पहिल्यांदाच ती हे उघड बोलली होती.

स्यामसिनारने गोळ्या सुरू केल्या, रोज झोपताना घ्यायच्या. तीन महिने जस्मानियार एकदाही पडली नाही. चौथ्या महिन्यात तिला बेशुद्ध आणलं. एक झटका ओसरतोय तोवर दुसरा. बरं वाटलं म्हणून तिने गोळ्या एकदम सोडल्या होत्या. इंजेक्शनं देऊन झटके थांबवायला दुपार गेली. जस्मानियार शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरीण उशाशी बसलेली होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "गोळी घे म्हणून सांगितलं. सोडू नकोस, हे सांगायला विसरले."

"डॉक्टर चूक कबूल करतात होय?" जस्मानियार पुटपुटली.

"ही करते. आता तू मला शिकव. तुमच्यासारख्यांना हे कसं सांगावं?"

"आम्ही तुमच्याकडे येतो कुठे? आम्ही जातो मांत्रिकाकडे. सांगायचं तर त्यालाच सांगा."

मांत्रिक होता अंकू सुतन, डोंगराच्या कुशीतल्या गावचा. दोघी त्याच्या ओसरीवर जाऊन बसल्या. कॉफीच्या पानांचा काढा करवंटीतून आला.

"माझं गिऱ्हाईक पळवायला आलीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही अंकू, वाटून घ्यायला. तुम्ही मंतरलेलं पाणी देता. माझी गोळी कोरडी गिळवत नाही."

म्हातारा खूप वेळ हसला. मग त्याने जस्मानियारचा हात उलटसुलट करून पाहिला. नवा डाग नव्हता. "मी हिला दोन वर्षं पाणी दिलं," तो हळूच म्हणाला, "आणि ही पडतच राहिली." त्या दिवसापासून तो येणाऱ्याला सांगू लागला, की माझं पाणी चालतं, पण त्याबरोबर इस्पितळातली गोळी हवी, आणि गोळी सोडलीस तर पाणी फिरेल. वर्षाअखेर स्यामसिनारच्या खोलीबाहेरची रांग कोठाराला वळसा घालून गेली. गावोगावचे आठवडी बाजार जस्मानियारने आपल्या अंगावर घेतले. पडलेल्याला कुशीवर कसं वळवायचं, हे ती भाजीच्या टोपल्यांमध्ये उभी राहून दाखवी. "हात लावा, काही होत नाही," ती म्हणे. "माझ्या आईने मला किती वेळा उचललं, तिला कधी झालं?"

स्यामसिनारला सगळे 'उनी' म्हणू लागले, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिच्या हाताखाली तीस वर्षांत अकरा डॉक्टर तयार झाले. त्यातली एल्मियाती पुढे त्याच खोलीत बसली. खोलीच्या आता चार झाल्या होत्या.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी एका सकाळी उनी रांगेत नंबर लावून एल्मियातीसमोर येऊन बसली. उजवा हात मांडीवर ठेवलेला, अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखी एकमेकांवर फिरत होती.

एल्मियातीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तोंड पाडू नकोस," उनी म्हणाली. "निदान मी केव्हाच केलंय. अक्षर बारीक होतंय, चालताना उजवा हात हलत नाही. कंपवात आहे. उपचार तू कर."

"उनी, मी तुमच्यावर—"

"मग कोण करणार? इथल्या सगळ्यांना मीच शिकवलंय. त्यातली तू बरी आहेस."

एल्मियातीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बरं. उठा, दारापर्यंत चालून दाखवा."

उनी उठली. पावलं आखूड पडत होती, पण मान ताठ होती. दारापाशी बसलेल्या रांगेतल्या लोकांनी पाय आत घेऊन तिला वाट दिली.