आबांचा फेटा आणि माझी हिरवी पट्टी

आयुष्यात मी एकच पिक्चर काढला, आणि त्यापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं माहेर बंद व्हायची वेळ आली.

पिक्चर गेमवरचा होता. यवतला एसटी स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी दहावीला, माझा चुलतभाऊ विक्या पण दहावीला (दुसऱ्यांदा), आणि क्लासला जातो म्हणून आम्ही दोघं भांडगाववरनं रोज तिथं जायचो. आमच्या आवडत्या गेमचं नाव इंग्रजीत होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. आम्ही त्याला 'बनियनवाला' म्हणायचो. बनियन घातलेला एक गडी रस्त्यानं सरळ चालत जातो, दिसेल त्याला हाणतो, वाटेतली पिंपं फोडतो. पिंपातनं भाजलेली कोंबडी निघते! ती खाल्ली की वरच्या कोपऱ्यातली हिरवी पट्टी वाढते. पट्टी म्हणजे लाईफ. मार बसला की कमी होते, संपली की गडी खलास. शेवटी बॉस येतो, तोंडाला फडकं गुंडाळलेला. संपली स्टोरी. एवढी जबरदस्त स्टोरी असून कुणी पिक्चर का काढत नाही, हे आम्हाला कळेना.

आणि विक्याच्या घरात कॅमेरा होता! त्याचे वडील, म्हणजे माझे चुलते आप्पा, लग्नाचं शूटिंग करायचे. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, आत अख्खी व्हिडिओ कॅसेट बसायची. माझ्या ताईच्या लग्नाला दोन दिवस उरले होते. आप्पा मांडववाल्याकडं गेले आणि विक्यानं कॅमेरा उचलला. सोबत लग्नासाठी आणलेल्या कोऱ्या कॅसेटींतली एक.

विक्याची बहीण संगी आठवीत होती. शूटिंग तिनं करायचं ठरलं, कारण "मला कॅमेरा द्या, न्हाईतर आप्पांना सांगीन" असं ती म्हणाली. दुसरा उमेदवारच नव्हता.

हिरव्या पट्टीची आयडिया माझी. (ह्याचा मला अजून अभिमान आहे.) आजोबांच्या फोटोची काच काढली, तिच्यावर वायरमनची हिरवी चिकटपट्टी लावली आणि ती काच कॅमेऱ्यापुढं हातभर अंतरावर दोन विटांच्या मध्ये उभी केली. मला मार बसला की संगीनं हात घालून नखानं पट्टी थोडी उचकटायची. काचेवर आजोबांना लावलेलं कुंकू तसंच राहिलं, त्यामुळं आमच्या अख्ख्या पिक्चरमध्ये आभाळात एक लाल ठिपका आहे. सीन कुठलाही असो, आजोबा हजर!

आता भाजलेली कोंबडी कुठनं आणणार? मग जिवंत घेतली. कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवली, मी पळत आलो, डालगं लाथेनं उडवलं. कोंबडी सरळ माझ्या तोंडावर आली. गेममध्ये कोंबडीनं लाईफ वाढतं. माझं कमी झालं. संगीनं इमानदारीत पट्टी उचकटली.

राहिला बॉस. तो विक्या. त्याचं तोंड गुंडाळायला फडकं पाहिजे होतं, आणि तेही भारी पाहिजे होतं, कारण बॉस होता. विक्यानं माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, ट्रंक उघडली आणि आतल्या खोक्यातनं एक गुलाबी फेटा काढला. सोनेरी काठाचा.

"आरं, ते मानाचं फेटं हायती!" मी म्हणलं.

"पाच मिन्टं बांधतो आन् ठिवतो. झिजतोय व्हय?"

आता मानाचे फेटे काय असतात ते सांगतो. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी मांडवात माईकवर एकेकाचं नाव पुकारतात आणि त्या पाहुण्याला सगळ्यांसमोर फेटा बांधतात. जेवणात मीठ कमी पडलं तर पाहुणे खपवून घेतात. फेटा कमी पडला तर पाहुणे दोन पिढ्या बोलत नाहीत. नानांनी दौंडवरनं मोजून एकवीस फेटे आणले होते. एक जास्त नाही, एक कमी नाही.

क्लायमॅक्स आम्ही गोठ्यामागं घेतला. मी विक्याला लाथ घातली. तो मागं पडला. मागं म्हशींचं शेणमूत साचलेला खड्डा होता. विक्या निघाला, फेटाही निघाला, पण आता त्याला गुलाबी म्हणता येत नव्हतं. आम्ही थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि मग तो कडब्याच्या गंजीत खुपसला.

"कॅसेट रिवाइंड केली का?" मी विचारलं.

"केली की," विक्या म्हणाला.

म्हणजे आप्पा वरनं लग्न टेप करणार आणि आमचा पिक्चर पुसला जाणार. आम्हाला थोडं वाईट वाटलं. कलाकार होतो शेवटी.

लग्न शिक्रापूरच्या पाव्हण्यांशी होतं. नवरदेवाचे, म्हणजे आमच्या दाजींचे, थोरले चुलते आबा, त्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. फेट्यांच्या यादीत ते मुद्दाम शेवटी ठेवलेले, मोठा माणूस शेवटी म्हणून. माईकवर नाव पुकारलं. आबा खुर्चीवर येऊन बसले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, हातात धरली, केसावरनं हात फिरवला. फेटे बांधणाऱ्यानं खोक्यात हात घातला, खोकं रिकामं. तेवढ्यात मुहूर्त चालला म्हणून भटजी ओरडले, बँड सुरू झाला, फेटेवाला "झालं सगळं" म्हणून उठला आणि अख्खा मांडव नवरीकडं पळाला. आबा खुर्चीवर तसेच.

आबा काही बोलले नाहीत. फक्त जेवले नाहीत. आणि नानांनी नंतर खोकं बघितलं तर रिकामं, म्हणजे एकवीसच्या एकवीस बांधले! नाना समाधानानं झोपले.

दीड महिन्यानं पंचमी जवळ आली. ताईची पहिली पंचमी. आईनं झोक्याला दोर आणला, बांगडीवालीला सांगून ठेवलं. आणि शिक्रापूरवरनं निरोप आला: सून येणार नाही. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर ताई आईशी बोलली. बोलली कसली, नुसतीच रडली. मग तिकडं आबांनी फोन घेतला, इकडं नानांनी.

"पाव्हणं, मला फेटा बांधला न्हाई तुम्ही," आबा म्हणाले.

"आसं कसं हुईल आबा? मोजून एकवीस आणलं व्हतं म्या!" नाना म्हणाले.

"फेटं मोजलं आसतील. माझं डोकं मोजलं न्हाई."

नाना इरेला पेटले. "कॅसेट हाय आपल्याकडं! या, डोळ्यानं बघा!"

"येतो. फेटा दिसला तर सुनंला दुसऱ्या दिशी आणून सोडतो. न्हाई दिसला तर ह्या वर्साला न्हाई आन् पुढच्या वर्साला बी न्हाई."

मला सगळं माहीत होतं. आबांचं खरं होतं, हे मला आणि विक्यालाच माहीत होतं. पण आम्ही गप्प बसलो. आमचा विचार असा, की कॅसेटमध्ये फार तर आबा बिनफेट्याचे दिसतील, नाना फेटेवाल्याला शिव्या देतील आणि फेटा कुठं गेला हे कुणी विचारणार नाही. म्हणून व्हीसीआर आणायला नानांनी मला पाठवलं तेव्हा मी तो डोक्यावर घेऊन शीळ वाजवत आलो!

रविवारी दुपारी जीप आली. आबा, दाजी आणि आणखी दोन पाव्हणे. खिडकीला घोंगडी लावून अंधार केला. आप्पांनी कॅसेट आत घातली. "हळदीपास्नं हाय बघा सगळं," असं म्हणाले.

टीव्हीवर संगीचं नाक आलं.

मग पत्र्यावर खडूनं लिहिलेलं 'बनियनवाला'. मग बनियनमध्ये मी.

मी विक्याकडं बघितलं. कॅसेट रिवाइंड केलीच नव्हती त्यानं! विक्या घोंगडीकडं बघत होता.

"आगं बया, ह्यो आपला पिंट्या न्हवं का?" आई म्हणाली.

आप्पा बटण दाबायला उठले. आबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. पोराचं काय हाय ते बघू की."

आणि आबा बघायला लागले. मांडी घालून, पुढं सरकून!

"ती हिरवी पट्टी कसली?" आबांनी विचारलं.

"आबा, ते त्याचं लाईफ हाय. संपलं की मरतो," दाजी म्हणाले. (दाजी पण गेम खेळायचे, हे तेव्हा कळलं.)

"आन् कुंकू?"

"ते आमच्या वडलांचं हाय," नाना पडक्या आवाजात म्हणाले.

कोंबडीच्या सीनला आबा चक्क हसले. मला वाटलं, वाचलो. आणि बॉस आला. गुलाबी फेटा. सोनेरी काठ. संगीनं क्लोजअप घेतला होता. इतका सुंदर फोकस पकडला होता पोरीनं, की काठातल्या जरीची तार न् तार मोजता यावी!

नाना माझे वडील आहेत, पण माणूस सरळ आहे. ते म्हणाले, "ह्यो... आपला फेटा."

"आपला न्हाई," आबा म्हणाले. "माझा."

पुढं आबांचा फेटा खड्ड्यात पडला. पुढं मी त्याच्यावर पाय देऊन उभा राहिलो. मागनं संगीचा आवाज: "दात काढू नगं, हिरो हायस तू!" आणि मग लगेच हळद, मांडव, माईक. आबांचा शॉट चुकू नये म्हणून आप्पांनी कॅमेरा स्टँडवर लावून त्यांच्यावरच रोखलेला, आणि स्वतः नवरीकडं पळालेले. आबा खुर्चीवर, टोपी हातात. सगळे उठून जातात तरी आबा बसलेले. मग ते इकडंतिकडं बघतात आणि टोपी हळूच परत डोक्यावर घालतात.

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. कुणालाच आलं नाही.

नाना उठले, आबांच्या पायाशी बसले. "चुकलं आबा." मग माझ्याकडं वळले. "फेटा कुठाय?"

मी कडब्याच्या गंजीतनं फेटा आणला. त्यात तीन अंडी होती. त्याच कोंबडीची. तीही मागनं ओरडत आली.

आबांनी अंडी बघितली. फेटा बघितला. मला बघितलं. मग म्हणाले, "मानाचं म्या इसरलो. दुसरा बांधा, माईक लावून बांधा, झालं. पर माझा फेटा घातलेल्या मानसाला ह्या बनियनवाल्यानं श्यानात लोळवला, हे न्हाई चालायचं. पिक्चर परत काढायचा. फेटेवाला जितला पायजे."

"आबा, पर गेममदी बॉस मरतो..." विक्या म्हणाला.

"मंग सून येत न्हाई."

गेम बदलला.

पंचमीच्या दिवशी आबा स्वतः ताईला जीपमधनं घेऊन आले. नानांनी दौंडवरनं नवा फेटा आणला होता, मांडववाल्याचा माईक लावला होता, आणि आमच्या अंगणात चौदा माणसांसमोर एकट्या आबांचं नाव तीनदा पुकारलं. फेटा बांधून झाल्यावर विक्या तो घ्यायला पुढं आला, तर आबा म्हणाले, "ह्येला न्हाई जमायचं. मीच करतो." आणि काठी घेऊन गोठ्यामागं गेले.

जन्मभर मेंढरं राखलेला हात होता तो! पहिल्या टेकला मी खरंच पडलो. पण आबांना पटलं नाही.

"आसं मरत्यात व्हय? नीट मर."

मी सात वेळा मेलो. झोक्यावर ताई पोट धरून हसत होती. सातव्या वेळेला आबांनी संगीला बाजूला केलं, काचेपाशी गेले आणि हिरवी पट्टी स्वतःच्या हातानं खस्सकन ओढून काढली. "आता संपला," म्हणाले.

ती कॅसेट आबा घेऊन गेले. शिक्रापूरला ताईकडं अजून मी गेलो, की दाजी आल्यागेल्याला माझी ओळख करून देतात, आणि लोक मला निरखून बघत म्हणतात, "व्हय व्हय, ह्यो तर मेला व्हता की!" आबा बाजेवर असतील तर तिथनंच म्हणतात, "पिंट्या, दाव रं पाव्हण्यांना कसा मेलास त्ये." मी लगेच पिशवी खाली ठेवतो आणि अंगणात पडून मरतो. एकदा नाही म्हणून बघितलं असतं, पण कुठली ना कुठली पंचमी कायम जवळ आलेली असते.