न वाजलेली खिट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता, हे त्याआधीच गेले होते. मुलीला नाही, बहिणीला नाही. देवासमोर बसते तेव्हाही हा विषय मी सफाईने टाळते. आज तुम्हाला सांगतेय ते तुम्ही माझे कुणी लागता म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या अंगणातून जाणार नाही, म्हणून. बघा, सुरुवातच कशी भित्री.

मी काही शिकलेली बाई नाही. कसबा पेठेत वडिलांचं तांब्याची भांडी ठोकायचं दुकान होतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढचं सगळं रद्दीतले पेपर वाचून शिकले. लग्न होऊन धायरीला आले. धायरी तेव्हा गावच होतं, शहर अजून तिथवर पोचलं नव्हतं. ह्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं रस्त्याला लागून. खिडक्यांची ग्रिलं, शेताची फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मी चहा द्यायला जायची आणि बघत उभी राहायची. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाका. मी नाही विकलं. डोळ्यावर काच धरून स्वतः वेल्डिंगला बसले. लोक मुद्दाम बघायला थांबायचे. आणि — इथूनच सांगायला हवं — मला ते फार आवडायचं. वर तोंडाने म्हणायची, काय बाई, बघण्यासारखं काय आहे त्यात. आतून फुगायची.

अशा फुगलेल्या बाईकडे एक दिवस परचुरे आले.

परचुरे म्हणजे निवृत्त इंजिनीअर. नोकरीत असताना काय बांधलं ते कधी कळलं नाही, पण सांगायचे असं की पुणं त्यांनीच उभं केलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक बोट घेतली. फायबरची, पांढरी, मागे मोटर. ती आमच्या शेजारच्या शेडमध्ये ट्रॉलीवर ठेवलेली असायची. रविवारी जीपला ट्रॉली जोडायची, खडकवासल्याला न्यायची, पाण्यात सोडायची, तासभर गोल गोल फिरायचं आणि परत आणायची. डोक्यावर पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. समुद्र ओलांडून आल्यासारखे उतरायचे. मी हसायची त्यांना. पण त्यांनी नुसतं ‘वा’ म्हटलं की तो ‘वा’ मी दोन दिवस पुरवून खायची. मग हसण्यासारखं कोण होतं, सांगा बरं?

बोटीचं खरं काम करायचा सोपान. खडकवासल्याकडचाच. त्याचा बाप नदीवर नाव चालवायचा, त्यामुळे पाणी त्याच्या अंगात होतं. बोट धुणं, मोटर बघणं, पाण्यात सोडणं, बाहेर ओढणं — सगळं तोच करायचा. परचुरे फक्त टोपी सांभाळायचे. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला एक हाताने फिरवायचा विंच होता. सोपान त्याला रहाट म्हणायचा, आणि विहिरीच्या रहाटासारखंच होतं ते. हँडल फिरवलं की पट्टा गुंडाळला जायचा आणि बोट पाण्यातून ट्रॉलीवर चढायची. पण तो साधा होता, हँडलचा एक फेरा म्हणजे रहाटाचा एक फेरा. सगळा भार दंडावर. सोपान पन्नाशीला आला होता. एकदा माझ्या दारात बसून खांदा चोळत म्हणाला, “वैनी, ह्ये रहाट जरा हलकं करून द्या की. सायबाला मी सांगतो. आता न्हाय ओढवत.”

म्हणजे ते काम मी त्याच्यासाठी घेतलं होतं. लक्षात ठेवा.

मी मन लावून केलं. दोन गिअर बसवले, छोटा हँडलला आणि मोठा रहाटाला. चार फेऱ्यांत रहाटाचा एक फेरा, पण हँडल एका हाताने फिरेल असं. हँडल वीतभर लांब केलं. आणि रहाटावर दाते असलेलं एक चाक लावून त्यावर खिट्टी बसवली. खिट्टी म्हणजे बोटाएवढा लोखंडी तुकडा, एका खिळ्यावर हलणारा. बोट पाण्यात सोडताना ती उचलून ठेवायची, ओढताना खाली पाडायची. मग ती प्रत्येक दातात पडत जाते, कट्-कट्-कट् वाजते, आणि हँडल सोडलं तरी चाक उलटं फिरत नाही. मी सोपानला दुकानात फिरवून दाखवलं. म्हटलं, “हात सोड. सोड रे. काही होत नाही.” त्याने हात सोडला आणि लहान मुलासारखा हसला.

हे झालं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

आता खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. हत्यारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडूचे हार, त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही. मला वाटलं, यंदा मधोमध हा विंच मांडावा. येणारे जाणारे बघतील, विचारतील कुणी केला. पण उघडं लोखंड कसं दिसणार पूजेत? म्हणून मी ऑइलपेंटचा डबा उघडला. हिरवा. आणि एक हात नाही, दोन हात मारले, जाडजूड, भिंतीला मारावेत तसे.

सोपान तिथेच होता. तो म्हणाला, “वैनी, खिट्टीला नगा लावू रंग. तिला त्येल लावा. चिकटंल.”

बरोबर बोलला. आणि मला राग आला. नाव वल्हवणाऱ्याच्या पोराने मला शिकवावं? मी म्हणाले, “सोपान, तू बोट बघ. लोखंड मी बघते.” अगदी हसून म्हणाले. माझं हसून बोलणं फार वाईट असतं, घरच्यांना विचारा. आणि मी मुद्दाम — हो, मुद्दाम — खिट्टीच्या खिळ्यात ब्रश खुपसून रंग भरला.

पूजेला रंग ओलाच होता. हळदकुंकू त्यावर चिकटून बसलं. चार बायकांनी विचारलं, कुणी केलं हो. मी म्हटलं, करतं कोण, आम्हीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विंच ट्रॉलीवर चढवला आणि आम्ही पाण्यावर गेलो. मीही गेले. कशाला? कौतुक ऐकायला, दुसरं कशाला. सोपानने खिट्टी वर उचलून बोट पाण्यात सोडली. झकास सुटली. परचुरे गोल गोल फिरून आले आणि जीपपाशी जाऊन उभे राहिले. सोपानने खिट्टी खाली पाडली, पट्टा अडकवला आणि हँडल फिरवायला लागला. बोटीचं नाक पाण्याबाहेर आलं. एका हाताने, बरं का. परचुरे लांबून म्हणाले, “वा, वहिनी. काय शांत चालतंय.”

शांत.

कळलं तुम्हाला? मला त्याच क्षणी कळलं होतं. कट्-कट् यायला हवं होतं. दुकानात आलं होतं. ते येत नव्हतं, म्हणजे खिट्टी दातात पडत नव्हती, रंगात चिकटून अर्ध्यावरच लटकली होती. मी दोन पावलांवर उभी होते. नुसतं ‘थांब’ म्हणायचं होतं. एक शब्द. पण तो शब्द म्हटला असता तर त्या ‘वा’चं काय झालं असतं?

सोपानलाही कळलं. तो हळूच, परचुऱ्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “वैनी, वाजत न्हाय हो.”

मी म्हणाले, “नवं आहे. नवं वाजत नसतं. चल, ओढ.”

असं मी म्हणाले. घाबरून नाही, गडबडीत नाही. परचुऱ्यांकडे बघून हसत म्हणाले.

बोट अर्धी वर आली. सोपानने घाम पुसायला हँडल सोडलं — मीच शिकवलं होतं ना सोडायला. काम हलकं व्हावं म्हणून गिअर लावला की उलटं सुटताना हँडल चौपट वेगाने फिरतं, हे मी करताना कधी मनातही आणलं नव्हतं. पहिल्या फेऱ्यात त्याने सवयीने हात घातला. उजवा. हाड मोडल्याचा आवाज मला तिथून ऐकू आला. बोट सरकत परत पाण्यात गेली.

परचुरे आणि ड्रायव्हर त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले. मला म्हणाले, तुम्ही ट्रॉलीपाशी थांबा. मी थांबले. आणि मग काय केलं? रडले? देवाला हात जोडले? नाही. हातातली बांगडी काढली, तिच्या कडेने खिट्टीच्या खिळ्यातला रंग खरवडून काढला, ट्रॉलीवरच्या बुधलीतलं तेल सोडलं, आणि कट्-कट् आवाज येईपर्यंत ती पंचवीस वेळा वरखाली केली. इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी परचुऱ्यांनी तपासणी केली. चष्मा लावून, कागद घेऊन. हँडल फिरवलं, वाजलं. सोडलं, थांबलं. म्हणाले, “यंत्र निर्दोष आहे.” इंजिनीअर माणूस. ताज्या तेलाचा ओघळ डोळ्यांसमोर होता, तो दिसला नाही. मग म्हणाले, “वहिनी, आपण त्याला खिट्टी पाडायला सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं.

इथे थांबता आलं असतं. यंत्राचा दोष नाही, माणसाची नजरचूक, एवढ्यावर मिटलं असतं. सोपान हात बरा झाल्यावर परत कामावर आला असता. पण परचुरे अजून त्या चाकाकडे बघत होते, आणि मला वाटलं, हा आणखी बघत बसला तर? म्हणून मी आपणहून म्हणाले, “काल त्याच्या तोंडाला वास येत होता.”

सोपान अधूनमधून घ्यायचा, सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून तर सुचलं. त्या दिवशी त्याने घेतली नव्हती. वास होता तो माझ्या ऑइलपेंटचा.

परचुऱ्यांनी त्याला काढलं. त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला, आणि त्यालाही तो विंच फार आवडला. मला आणखी दोन बोटवाल्यांचं काम मिळालं. त्या दोन्ही खिट्ट्यांना मी रंग लावला नाही, तेल लावलं. शिकले ना. आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवायची — यंत्र कितीही चांगलं असू दे, माणूस पिऊन उभा राहिला तर यंत्र काय करणार? ‘माणूस’ म्हणायची. नाव घेत नसे. केवढी सभ्य मी.

महिनाभराने सोपान आला. हात गळ्यात बांधलेला, बोटं सुजलेली. मला वाटलं, आता हा म्हणणार, मी म्हटलं होतं वाजत न्हाय. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो बसलाही नाही. म्हणाला, “वैनी, हाताचं जाऊ द्या. माझी चूक म्हणत्यात तर म्हणू द्या. पर मी प्यालो नव्हतो. येवढं सायबाला सांगा. तुमचं ऐकत्यात त्ये.”

वास आल्याचं कुणी सांगितलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. की होतं? ह्याचं उत्तर मला आजही येत नाही. ठाऊक असून तो तसा आला असेल, तर तो माझ्याकडे एक वाट उघडी ठेवून गेला.

मी म्हणाले, “सांगते हं.” चहा पाजला त्याला. डाव्या हाताने प्यायला.

नाही सांगितलं. परचुरे त्यानंतर शंभरदा तरी दारावरून गेले असतील. रविवारी हात हलवायचे, मी हलवायची.

सोपानचा हात पुन्हा सरळ झाला नाही. वल्हं धरता येईना, मोटरची दोरी ओढता येईना. आमच्याच रस्त्यावर नव्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीच्या फाटकाशी तो खुर्ची टाकून बसायला लागला. पाण्यापासून लांब. मी भाजीला जाताना तो उठून उभा राहायचा. मी म्हणायची, बस रे, बस.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला मी इतका वेळ इकडे तिकडे फिरले.

त्याची बायको हौसा. फार बोलणारी नाही. सोपान फाटकावर बसायला लागला त्या वर्षीची गोष्ट, मंडईत मेथी निवडत होते, ती शेजारी येऊन उभी राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “वैनी, एक इचारू? त्ये म्हंत्यात प्यालो नव्हतो. रोज म्हंत्यात. मी म्हंते, सोन्यासारखं काम घालवलं, आता तरी खरं बोला. मी बोलत न्हाय त्यांच्याशी. तुमी तितं व्हता. प्याले व्हते का वो?”

परचुरे नव्हते तिथे. गिऱ्हाईक नव्हतं. कुणाचा ‘वा’ जाणार नव्हता. मेथीची जुडी हातात, आणि समोर एक बाई, जिला नवऱ्यावर विश्वास ठेवायचा होता आणि जी माझ्या एका ‘नाही’ची वाट बघत होती.

मी म्हणाले, “आता ते उकरून काय करायचं, हौसा? झालं गेलं. सांभाळून घे त्याला.”

तिने मान हलवली. जुडी न घेताच पिशवी उचलली आणि गेली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

सोपान त्यानंतर नऊ वर्षं जगला, त्या घरात, त्या उत्तराशेजारी. तो असता तर मी हे लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. हौसा आहे. तिला वाचता येत नाही, आणि हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.