यादीत नसलेली एलिनाईके आजी

एलिनाईके आजीने माझा जीव नुसता नकोसा करून सोडला होता. किलिमांजारोच्या उतारावरची आमची चर्चची मंडळी जुन्या वळणाची. ज्याच्या हातून उघड पाप घडलं, त्याला प्रभुभोजन बंद, आणि बसायला मागचा बाक. ईस्टरच्या आदल्या रविवारी त्याने पुढे येऊन गुडघे टेकायचे, पाळकांनी विचारायचं, "याला परत घेता का?" मंडळीने म्हणायचं, "घेतो." की सुटला. असल्या लोकांची यादी करणारी पंच मी.

आणि दर वर्षी त्या रांगेत ही बाई! नव्वदीला टेकलेली विधवा, जिने जन्मात कुणाचं एक केळं उचललं नाही. पोटुशा पोरी, दुसरी बायको ठेवलेले बाप्ये, आणि त्यांच्यात मधोमध ही.

"आजी, तुमचं नाव यादीत नाही हो!"

"मग घाल की."

"काय म्हणून घालू? केलंय काय तुम्ही?"

"जावेची गाय मेली ना, मला आतून बरं वाटलं."

"अहो, ते यादीत नाही बसत!"

"तुझ्या नसेल बसत. दर रविवारी घसा ताणून म्हणतेस ना, आम्ही सगळे पापी, कृपेवाचून सुटका नाही? मग सगळे कुठेयत? इथे तर चौघंच दिसतात."

पाळक मिशीत हसायचे. त्यांचं काय जातंय! एकदा मी आणि शेजारच्या बाईने तिने अंगावर पांघरलेला खांगा घट्ट धरून तिला बाकावर बसवून ठेवलं. बया तो आमच्या हातात सोडून तशीच पुढे गेली.

यंदा मात्र मला तिचे चाळे अजिबात नको होते. यंदा यादीत माझीच मुलगी होती. हारिएथला लग्नावाचून मूल झालं. ती पुढे आल्याशिवाय लेकराचा बाप्तिस्मा होणार नव्हता, आणि ती हटून बसलेली. "मरेन, पण त्या सगळ्यांसमोर जाणार नाही." पंचाची मुलगी, आणि ही तऱ्हा! सहा महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. लेकराला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

रविवारी मी नावं वाचली. दोन बाप्ये पुढे गेले. हारिएथचं नाव वाचलं, तर ती लेकराला धरून मागच्या बाकावर खिळलेली. आणि तेवढ्यात आजी उठली! मी कपाळावर हात मारला. पण काठी टेकत ती पुढे न येता मागे गेली, हारिएथपाशी थांबली.

"चल गं. मला गुडघे टेकताना धरायला कुणीतरी हवं. हे बाप्ये मेले काही कामाचे नाहीत."

म्हातारीला नाही कसं म्हणणार? हारिएथ उठली. पुढे आल्यावर आजीला आधार देता देता तीही लेकरासकट गुडघ्यांवर आली आणि हुंदके देऊन रडू लागली. ती उठायला बघत होती, पण आजीने तिचं मनगट सोडलं नाही.

पाळकांनी विचारलं, "यांना परत घेता का?"

"घेतो!"

"थांबा," आजीने मान वळवली. "हिच्या आईचा आवाज नाही आला."

सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. त्या म्हातारीची इतकी चीड आली मला, काही विचारू नका. कारण खरंच नव्हता आला. हारिएथने मागे वळून पाहिलं. आई आता नाही म्हणणार, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मला माझीच लाज वाटली.

"घेते," मी म्हटलं.

"मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही."

"घेते हो, घेते!" मी ओरडलेच, आणि रडूच फुटलं. "आणि मला कोण घेणार, तेही सांगा एकदा!"

पाळक काही बोलायच्या आत हारिएथने लेकराला दुसऱ्या हातावर घेतलं आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.